किंक्रांतीला गेलेली माणसे

वाचकहो, संक्रांतीचा दुसरा दिवस तुमच्याकडे कसा जातो? आमच्या मोडनिंबकडे तो करीदिन. सुगडातली बोरे आणि हरभऱ्याचे घाटे पोरांनी फस्त केलेले असतात, तिळगूळ अजून डब्यात असतो. पण जुनी माणसे त्या दिवशी नवे काम हाती घेऊ देत नाहीत. सोयरिकीला जायचे नाही, बैल खरेदी करायचे नाहीत. मी हे फारसे मानत नाही. पाण्याची पाळी आली की करीदिन असो नाहीतर अमावास्या, दारे धरावीच लागतात. पण १५ जानेवारी ही तारीख माझ्या मनात दुसऱ्याच कारणाने बसली आहे.

२००२ साली त्या दिवशी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर गेल्या. बारा वर्षांनी, २०१४ साली, त्याच तारखेला कवी नामदेव ढसाळ गेले. दोन्ही वर्षी संक्रांत १४ तारखेचीच होती, म्हणजे दोघेही करीदिनालाच गेले. १९९८ साली याच तारखेला गुलझारीलाल नंदाही गेले होते, दोनदा काळजीवाहू पंतप्रधान झालेले. पण त्यांची आठवण ठेवायला दिल्ली आहे. या दोघांची कोणी ठेवायची?

विठाबाईंचे नाव नारायणगावचे, पण जन्म १९३५ साली आपल्या पंढरपुरात झालेला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या नावाचा फड होता. त्या फडातच त्या वाढल्या आणि पुढे अख्खा तमाशा आपल्या गळ्यावर नि पायांवर पेलला. राष्ट्रपतींकडून त्यांचा दोनदा गौरव झाला, १९५७ साली आणि १९९० साली. एक गोष्ट तर तुम्ही ऐकलीच असेल. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा मागे गेल्या, मूल झाले, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि परत बोर्डावर आल्या. प्रेक्षकांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला, असे सांगतात. पुरुष मंडळी ही गोष्ट ‘काय बाई होती!’ म्हणून कौतुकाने सांगतात. बायका ऐकतात आणि गप्प बसतात. मला त्या गप्प बसण्यात जास्त कळते.

मी त्यांना एकदाच पाहिले, लहानपणी, चुलत्यांच्या खांद्यावर बसून. गण, गौळण, बतावणी झाली आणि वगाच्या आधीच मला झोप लागली, त्यामुळे त्यांच्याविषयी फार बोलण्याचा मला अधिकार नाही. दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र लख्ख आठवते. फडातली एक बाई आमच्या दारी ताक मागायला आली. आजीने दिले, पण वरून ओतले. आदल्या रात्री त्याच बाईच्या लावणीवर आमच्या आजोबांनी फेटा उडवला होता.

विठाबाईंची शेवटची वर्षे हलाखीत गेली. त्यांच्या दवाखान्याचे बिल शेवटी वर्गणीतून भागवावे लागले. आता त्यांच्या नावाने सरकार दरवर्षी तमाशा कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देते. चांगले आहे. जिवंतपणी पेन्शन वेळेवर मिळाली असती तर अधिक चांगले झाले असते, असे आपले माझे मत.

आता तुम्ही विचाराल, ढसाळांचा यात काय संबंध? ते काही तमाशातले नव्हेत. खेड तालुक्यातल्या पूर गावी १९४९ साली जन्मलेला हा महाराचा पोर बापामागे मुंबईला गेला, गोलपिठ्याच्या वस्तीत वाढला, टॅक्सी चालवली. ज्या बायांकडे रात्री जायचे आणि सकाळी तोंड फिरवायचे, अशा बायांचे जगणे त्याने कवितेत आणले. ‘गोलपिठा’ १९७२ साली निघाला, त्याच साली मित्रांबरोबर दलित पँथर उभी केली. सभ्य माणसांना ती भाषा सोसली नाही. आमच्या आजीला ताक वरून ओतावे लागले, तसेच काहीसे.

शिवाय नात्याने तो आपल्या जिल्ह्याचा जावई. त्याची बायको मल्लिका ही बार्शीच्या शाहीर अमर शेखांची लेक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले तीन बुलंद आवाज १९६९ सालच्या एकाच पावसाळ्यात बंद झाले: १३ जूनला आचार्य अत्रे, १८ जुलैला अण्णाभाऊ साठे, २९ ऑगस्टला अमर शेख. ते वर्ष जुन्या माणसांना विचारून बघा.

१२ जानेवारीला सोलापुरात चार हुतात्म्यांना फुले वाहतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, चौघांना १९३१ साली एकाच दिवशी येरवड्यात फाशी झाली. ती फुले वाहिलीच पाहिजेत. पण तीनच दिवसांनी येणाऱ्या १५ तारखेला आमच्या मोडनिंबात कोणी उदबत्ती लावलेली मी पाहिली नाही, आणि आमचे गाव तर कला केंद्रांचे, संगीतबाऱ्यांचे. गावाचे नाव सांगितले की परगावचा पाहुणा गालात हसतो. ज्या बायांच्या जिवावर हे नाव झाले, त्या आमच्याच दुकानात ज्वारी घेतात आणि त्यांची पोरे आमच्या पोरांबरोबर शाळेत बसतात.

चैत्रात तुमच्याही जत्रा येतील. पंच मंडळी फडाला सुपारी द्यायला जातील, आकडा घासाघीस करून ठरेल. तेव्हा बायांना आडोसा कुठे, पाण्याचा टँकर कुठे, हेही ठरवून या. गेल्या चैत्रात आमच्या भागातल्या एका जत्रेत फडातल्या एका पोरीला ताप भरला. गावातल्या एका म्हातारीने तिला आपल्या घरी नेले, पेज पाजली, वाकळ घातली आणि मॅनेजर बोलवायला आला तर त्याला दारातूनच परत लावला. दुसऱ्या पोरीने तिची जागा घेतली. खेळ पहाटेपर्यंत चालला.