रुग्णाच्या बोटांचे मोजमाप

हळद काढणीच्या दिवसांत हिंगोली जिल्ह्यातील अनेक गावांत उकडलेल्या हळदीचा वास वेशीपासूनच येतो. वसमतच्या हळदीला आज नाव आहे, बाजार आहे. ती शेतातून वेचणाऱ्या आणि तासन्‌तास उकिडवे बसून तिचे कंद मोडणाऱ्या स्त्रियांच्या गुडघ्यांचा हिशेब मात्र कोठेही मांडला जात नाही. माझी आई त्या स्त्रियांपैकी एक. तिच्या रोजंदारीवर आम्ही भावंडे शिकलो, आणि त्याच मजुरीच्या बळावर मी या वसतिगृहात राहिलो. म्हणून आरोग्यावर लिहावयाचे ठरवले, तेव्हा ग्रंथांच्या आधी तिचे गुडघे आठवले.

कित्येक वर्षे तिच्या दुखण्यावर एकच उपाय होता : दुकानातून आणलेली गोळी. रात्री गोळी घ्यायची आणि पहाटे पुन्हा रान गाठायचे. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठराला व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते, हे मी औषधनिर्माणशास्त्र शिकताना वाचले. तेव्हा तिला नांदेडला एका ॲक्युपंक्चर तज्ज्ञ बाईंकडे नेले.

पहिल्या दिवशी सुई लागलीच नाही. बाईंनी विचारले, "मावशी, झोप लागते का? जेवता कधी? दिवसाकाठी किती वेळ उकिडव्या बसता?" मग त्यांनी रक्ततपासणी आणि एक्स-रे करून आणायला सांगितले. गुडघ्यांची झीज दिसली, रक्तही कमी निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्यानंतरच सुयांना आरंभ झाला.

गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे आणि नडगीच्या हाडापासून बाहेरच्या अंगाला एक बोट, असा एक बिंदू आहे. त्याचे चिनी नाव जु-सान-ली, म्हणजे 'पायाचे तीन ली'. ली हे तिकडचे अंतराचे माप, सुमारे अर्ध्या किलोमीटरचे. थकलेला वाटसरू या बिंदूच्या आधाराने आणखी तीन ली चालतो, अशी तिकडची जुनी समजूत. विशेष म्हणजे, ही बोटे मोजायची ती रुग्णाची, उपचार करणाऱ्याची नव्हेत. आपल्या आयुर्वेदानेही शरीराची मापे ज्याच्या त्याच्या अंगुळांत सांगितली आहेत. समग्र आरोग्यदृष्टी या शब्दाचा अर्थ मला तेथे उमगला : माप रुग्णाचे घ्यायचे आणि त्याच्याच मापाने उपचार करायचा.

ही चिनी विद्या आपल्याकडे येण्याच्या इतिहासात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. १९३८ साली राष्ट्रीय काँग्रेसने युद्धग्रस्त चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. विजयकुमार बसूही होते. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. बसू परतले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून कोलकात्यात ते सुरू केले. २०१५ साली महाराष्ट्राने या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा केला.

तरीही सुईला चमत्कार मानू नये. जुनाट गुडघेदुखी, पाठदुखी, अर्धशिशी यांत अनेकांना तिने आराम पडतो. परंतु खरी सुई आणि चाचणीतली आभासी सुई यांच्या परिणामांतला फरक बहुधा बेताचाच आढळतो. झिजलेली कूर्चा सुईने भरून येत नाही. क्षय, मधुमेह, कर्करोग, सर्पदंश यांवर दवाखान्याला पर्याय नाही. सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असावी. गरोदर स्त्रीने आणि रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याने ते आधी सांगावे.

आईच्या दहा बैठका झाल्या. दर खेपेला एसटीचे भाडे लागले आणि एका दिवसाची मजुरी बुडाली. वेदना पुष्कळ उतरली, झोप लागू लागली. हा गुण सुईचा, लोहाचा, की आठवड्यातून एक दिवस मिळालेल्या विश्रांतीचा? वेगळे काढून सांगता येत नाही. सल्ल सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे : एक बाण देहाच्या वेदनेचा आणि दुसरा मनाच्या तळमळीचा. कोणीतरी शेजारी बसून आपले ऐकले, एवढ्याने आईचा दुसरा बाण सैल झाला असावा. पहिल्याचे मूळ मात्र उकिडव्या बसण्यात होते.

पुढच्या हंगामात ती पुन्हा हळदीवर गेली, कारण घराला मजुरी हवी होती. या वेळी आम्ही सुताराकडून एक ठेंगणा स्टूल करून घेतला. चार दिवसांत शेजारच्या तिघींनी तसाच स्टूल मागितला. या शाळेतून बाहेर पडलेल्या परिचारिका, डॉक्टर, औषधविक्रेते आणि शिक्षक बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे. कोणी गुडघा दाखवला, तर औषध सांगण्याआधी ती माउली दिवसभर कशी बसते, हे अवश्य विचारा.