गॅलिफ स्ट्रीटचा रविवार

उत्तर कोलकात्यात श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकात घोड्यावर बसलेल्या नेताजींचा पुतळा आहे. रविवारी सकाळी तिथून बागबाजारच्या दिशेने जाणाऱ्या माणसांच्या हातात रिकाम्या पिशव्या आणि झाकणाचे डबे दिसू लागले, की समजावे, मंडळी गॅलिफ स्ट्रीटला निघाली आहेत. नवीनचंद्र दास यांनी १८६८ साली रसगुल्ला प्रसिद्धीला आणला तो याच बागबाजारात. पण रविवारची ही गर्दी मिठाईसाठी नसते. कालव्याजवळच्या या रस्त्यावर रोपे, कुंड्या, कुत्र्यांची पिल्ले आणि मुख्य म्हणजे शोभेचे मासे यांचा बाजार भरतो.

हावडा, हुगळी आणि चोवीस परगणा जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांच्या अंगणात सिमेंटच्या टाक्यांतून हे मासे वाढवले जातात. देशातून परदेशी जाणाऱ्या शोभेच्या माशांचा मोठा हिस्साही कोलकात्यातूनच रवाना होतो. रस्त्याच्या कडेला फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या रांगेने टांगलेल्या असतात. उन्हाची तिरीप आली की एकेक पिशवी दिव्यासारखी उजळते.

अशाच एका पिशवीसमोर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी वडिलांचा हात धरून उभी होती. वडील बँकेत नोकरीला, नागपूरहून बदली होऊन आलेले. महिन्यापूर्वी याच बाजारातून त्यांनी पंधरा मासे नेले होते. आठ दिवसांत सगळे मेले. मुलीने ते एकेक करून तुळशीच्या कुंडीत पुरले आणि आता ती मासे नकोच म्हणत होती. वडिलांना मात्र रिकामी काचपेटी बघवत नव्हती.

विक्रेत्याचे प्रश्न

पांढऱ्या मिशांच्या विक्रेत्याने पिशवी खाली काढलीच नाही. आधी विचारले, ‘‘दादा, पेटी केवढी?’’ दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे जेमतेम छप्पन्न लिटर पाणी. ‘‘मासे कोणते नेले होते?’’ दोन एंजल, सहा निऑन, चार टायगर बार्ब, दोन गोल्डफिश आणि एक छोटा शार्क. ‘‘आणि पाणी कधी भरलं?’’

‘‘सकाळी भरलं, संध्याकाळी मासे सोडले.’’

विक्रेत्याने मान हलवली. मग मुलीकडे वळून म्हणाला, ‘‘मामोनी, तुझी काही चूक नाही. ते पाणी अजून कच्चं होतं.’’

कच्चे पाणी म्हणजे काय, हे समजले की निम्मे काम होते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा असतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या वाळूत काही जिवाणू वाढतात. ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या पेटीत एकदम पंधरा मासे सोडले, की विष साचते आणि ते पचवणारे कोणी नसते.

दुसरी चूक जोडीची. टायगर बार्ब एंजलचे लांब पंख कुरतडतो. एंजल मोठा झाला की निऑनला गिळतो. गोल्डफिशला थंड पाणी मानवते आणि तो घाणही फार करतो, निऑनला मात्र ऊब लागते. बोटाएवढा दिसणारा शार्क खरे तर मोठ्या नद्यांतला मासा. तो मीटरभरापर्यंत वाढतो. काच चाटणारा सकरही हातभर होतो. कंटाळलेले लोक मग तो तळ्यात सोडून देतात, आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागातल्या मच्छीमारांना त्याचा उपद्रव सोसावा लागतो.

घराजवळचे पाहुणे

‘‘मग ठेवायचं तरी काय?’’ वडिलांनी विचारले. विक्रेत्याने निळ्या पट्ट्यांच्या इवल्या माशांकडे बोट दाखवले. हा झेब्रा. तो परदेशी वाटतो, पण आहे गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने गंगेतल्या माशांवरच्या आपल्या १८२२ च्या ग्रंथात त्याची नोंद केली. पुढे अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी संशोधनासाठी हाच मासा निवडला आणि आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला आहे. शेजारच्या पिशवीतला लाल-निळा लाल खोलशे, म्हणजे ड्वार्फ गुरामी, हाही त्याच ग्रंथातला.

पेटी निवडताना तीन मजली घर डोळ्यांपुढे आणावे. वरच्या मजल्यावर सात-आठ झेब्रा. ते थव्याने राहतात, एकटे घाबरतात. उडी मारायची सवय असल्याने पेटीला झाकण हवेच. मधल्या मजल्यावर लाल खोलशेची एक जोडी आणि लपायला थोडी झाडे. तळाला पाच-सहा कोरीडोरास. बोअरचे जड पाणी असेल, तर गप्पी, प्लॅटी किंवा मॉली बरे. फायटरचे दोन नर मात्र कधीही एकत्र ठेवू नयेत.

नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवावे किंवा क्लोरीन घालवणारे थेंब टाकावेत. फिल्टर रात्रीही बंद करू नये. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. स्पंज नळाखाली न धुता पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात खळबळावा, नाहीतर जमवलेले जिवाणू वाहून जातात. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे घालावे.

वडिलांनी पाकीट काढले. विक्रेत्याने स्पंज फिल्टर आणि हिरव्या रोपांच्या दोन जुड्या बांधून दिल्या. ‘‘मासे आज नाही,’’ तो म्हणाला. ‘‘फिल्टर चालू ठेवा. रोज चिमूटभर खाणं पाण्यात टाका, म्हणजे जिवाणूंना शिधा मिळेल. महिना-दीड महिन्यानं या, आणि तेव्हाही पहिल्यांदा फक्त झेब्राच न्या. बाकीचे पंधरा-पंधरा दिवसांनी.’’

समोर आलेले गिऱ्हाईक असे परत पाठवणारा दुकानदार पाहून वडील जरा गोंधळलेच. मुलगी मात्र पहिल्यांदाच पिशवीजवळ सरकली. काचेसारख्या पाण्यात झेब्रांचा थवा एकदम वळला, तशी तिची मानही वळली.

‘‘बाबा, सहा रविवार म्हणजे किती तारीख?’’ तिने विचारले, आणि रोपांची जुडी वडिलांच्या हातातून स्वतःकडे घेतली.