तोरणमाळची एक पहाट

गतवर्षी फाल्गुनात तोरणमाळला दोन दिवसांचा मुक्काम घडला. शहाद्याहून निघून सातपुड्यातील वळणावळणाचा घाट चढला की अक्राणी तालुक्यातील हे पठार लागते. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर. पावसाळ्यात धुके पाहावयास येणारे पुष्कळ असतात. फाल्गुनात मात्र डोंगर उघडेबोडके, गवत वाळलेले आणि सागाची पाने गळालेली.

पहाटे यशवंत तलावाच्या काठाने निघालो, तेव्हा मुक्कामाच्या घरचा वाघ्या नावाचा तांबूस कुत्रा न बोलावताच पुढे झाला. उजाडू लागले तसे त्या रुक्ष माळाचे रूप पालटले. निष्पर्ण पळस केशरी फुलांनी भरून गेले होते. पलीकडे पांगारा आणि काटेसावर लाल झाले होते. फुलांतील मधासाठी शिंजीर आणि बुलबुल यांची लगबग चालली होती.

एका मोहाखाली वाघ्या शेपूट हलवीत थांबला. एक आजी आणि तिची नात फुले वेचीत होत्या. मोहाची फुले पहाटेपासून टपटप गळतात. ऊन चढण्यापूर्वी, गुरांचे तोंड लागण्याआधी ती उचलावी लागतात. पाचोळ्यात ती दिसावीत म्हणून पुष्कळदा झाडाखाली जाळ करतात. तोच कधी वणवा होऊन रानात पसरतो आणि असंख्य जीव होरपळतात. आजीने मात्र जमीन खराट्याने झाडून घेतली होती. एकेक फूल वाकून उचलावयाचे, टोपली भरावयाची, मग कित्येक दिवस उन्हात वाळवावयाचे. वाळताना वजन निम्म्याहूनही खाली येते.

आमच्या घरी आजोबांपासून मोहाची खरेदी आहे. पोते आले की आजोबा मूठभर फुले दाबून पाहत, "माल ओला आहे" म्हणत आणि वजनातून कट्टी धरीत. किती धरली, हे विकणाऱ्यास क्वचितच कळे. लहानपणापासून मला भाव तोंडपाठ होता. किलोमागे किती वेळा वाकावे लागते, हे ठाऊक नव्हते.

मी दुकानदार असल्याचे कळताच आजीने विचारले, "शेठ, यंदा भाव काय राहील?"

"वाळवून आणा, मग बघू," मी म्हणालो. शब्द आजोबांचेच होते.

आजी काही बोलली नाही. नातीने माझ्या ओंजळीत चार फुले ठेवली. नवकारसीला अवकाश होता, म्हणून ती रुमालात बांधली आणि परतलो. वाघ्या त्यांच्यापाशीच बसून राहिला.

घरी पोहोचेपर्यंत फुले सुकली होती. दुकानातील काट्यावर ठेवून पाहिली. आकडा हललाच नाही. त्याच आठवड्यात थोरल्या बंधूंशी बोललो. आता आमच्या काट्याचे तोंड विकणाऱ्याकडे असते, आणि कट्टी धरलीच तर ती किती आणि कशासाठी, हे पावतीवर लिहून त्यांना वाचून दाखवितो.