क्रम लावताना

कविता सुटी सुचते. संग्रह मात्र जुळवावा लागतो. माझ्या पहिल्या संग्रहासाठी निवडलेल्या कविता मी लेखनाच्या तारखांप्रमाणे लावल्या होत्या. वडिलांच्या मृत्यूवरील पाच कविता त्यामुळे शेवटी आल्या. हस्तलिखित वाचून एका ज्येष्ठ स्नेह्यांनी एवढेच विचारले, “हा तुमचा क्रम झाला; वाचकाचा कोणता?”

त्या प्रश्नामुळे मी अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ (१९७६) या मूळ इंग्रजी संग्रहाकडे पुन्हा वळलो. त्यातील प्रत्येक कविता स्वतंत्रपणे वाचता येते. परंतु बसप्रवासाने होणारा आरंभ आणि रेल्वे स्थानकावरील शेवट यांमुळे त्या सुट्या कवितांची एक यात्रा होते.

मग मी माझ्या कवितांचे कागद जमिनीवर पसरले. शेजार बदलला की कवितेचा अर्थही हलतो, हे तेव्हा उमगले. वडिलांवरील एक कविता आरंभी ठेवताच पावसाच्या, शेताच्या, रिकाम्या ओसरीच्या कविताही त्यांच्याच वाटू लागल्या. उरलेल्या चार कविता तेच दुःख पुन्हा सांगत होत्या. त्या बाजूला काढताना हात अडखळला. आपण वडिलांनाच वगळतो आहोत, असे वाटले. परंतु त्या चार कवितांवाचून संग्रहभर त्यांची अनुपस्थिती अधिक जाणवू लागली.

म्हणून कोणताही संग्रह अभ्यासताना कवितेच्या मागची आणि पुढची कविताही वाचा. अनुक्रमणिका नुसती ओलांडून जाऊ नका. कवीने तेथेही काही सांगितलेले असते.