वाट न विचारता

अनोळखी फाट्यावर पुरुष मोटारसायकल थांबवतो, वाट विचारतो आणि पुढे जातो. बाई थांबली तर आधी तिलाच विचारलं जातं. कुठल्या तुम्ही? कुठे निघालात? एकट्याच? घरून सोडतात? नाव सांगितलं की त्यात आणखी दोन-चार प्रश्नांची भर पडते. विचारणारी माणसं बहुतेक भली असतात. कुणी पाणी देतं, कुणी चहाचा आग्रह करतं. पण डावीकडे वळायचं की उजवीकडे, एवढंच जिला हवं आहे, तिला त्यासाठी आपला सगळा जबाब द्यावा लागतो. मोटारसायकलवर फोनचा नकाशा आला आणि वाट विचारण्यातली मजा गेली, माणूस माणसाशी बोलेनासा झाला, अशी तक्रार मी बऱ्याच मुशाफिरांच्या तोंडून ऐकली आहे. तक्रार करणारे सगळे पुरुष होते.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत भूगोल आणि गणित शिकवते. बी.एड. झाल्यावर नोकरी लागली, नोकरीतून बचत झाली आणि बचतीतून मोटारसायकल आली. स्कूटी का नाही, हा प्रश्न घरात, मोहल्ल्यात आणि स्टाफरूममध्ये सारख्याच नवलाने विचारला गेला. मला घाट चढून लांब जायचं होतं, एवढंच त्याचं उत्तर. मी घेतलेली मीटिऑर ३५० ही गाडी नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आली. वजन १९१ किलो, पण बैठक जमिनीपासून फक्त ७६५ मिलिमीटरवर. माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या बाईचेही दोन्ही पाय जमिनीला टेकतात. सिग्नलला उभं राहताना हा आकडा किती मोलाचा असतो, ते ज्यांचे पाय लांब आहेत त्यांना कळायचं नाही.

या गाडीच्या वेगाच्या घड्याळाशेजारी एक छोटी गोल चकती आहे. खिशातल्या फोनशी ती ब्लूटूथने जोडली जाते. फोनवर जायचं ठिकाण घातलं की चकतीवर एक बाण दिसतो आणि पुढचं वळण किती अंतरावर आहे त्याचा आकडा. नकाशा दिसतच नाही. याहून पुढच्या गाड्या आता पुष्कळ आहेत. २०२३ साली आलेल्या हिमालयन ४५० वर चार इंची गोल पडद्यावर पूर्ण नकाशा दिसतो. परदेशी गोल्ड विंगवर २०१८ च्या मॉडेलपासून ॲपलचं कारप्ले आहे. मोटारसायकलवर ते तिथेच पहिल्यांदा आलं. आपल्याकडे टीव्हीएसच्या एनटॉर्क स्कूटरने फेब्रुवारी २०१८ मध्येच फोनशी नातं जोडलं होतं. पण मला माझा बाण पुरतो. कारण गणिताचं आहे आणि ते मी सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडते. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दोन सेकंद पडद्याकडे पाहिलं, तर ३३ मीटर रस्ता आपण डोळे मिटून कापला. आमच्या शाळेचा व्हरांडासुद्धा इतका लांब नाही. बाण बघायला अर्धा सेकंद लागतो, नकाशा वाचायला दोन. कायद्यानेही हेच पाहिलं आहे. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातातल्या फोनसारख्या साधनाचा वापर फक्त मार्ग पाहण्यासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच करता येतो.

फोन हँडलवर लावणारे लावोत. मी तो जॅकेटच्या खिशात ठेवते. मोठ्या इंजिनाच्या थरथरीने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना दिला होता. माझा फोन त्या कंपनीचा नाही, पण थरथर सगळ्या फोनांना सारखीच.

आता गाण्यांबद्दल. हेल्मेटच्या अस्तरात कानांपाशी दोन चपटे स्पीकर बसवता येतात. गाणं चालू असतं, मध्येच ते दबतं, एक आवाज पुढचं वळण सांगतो आणि गाणं पुन्हा वर येतं. घरात मी गाणी ऐकत नव्हते असं नाही. पण घरात गाणं ऐकणाऱ्या बाईला दर दोन मिनिटांनी कुणीतरी हाक मारतंच. दूध उतू जातं, बेल वाजते, कुणाचा तरी मोजा सापडत नाही. बेगम अख्तरची एक अख्खी गझल मतल्यापासून मक्त्यापर्यंत, कुणीही हाक न मारता, मी पहिल्यांदा हेल्मेटच्या आत ऐकली. तरी घाट लागला की मी गाणं बंद करते. मोटारसायकलवर कान हा तिसरा आरसा असतो. वळणापलीकडच्या ट्रकचा हॉर्न, मागून येणाऱ्या एस.टी.चं गिअर बदलणं, चाकाखाली खडी आल्याची करकर, हे सगळं आरशात दिसायच्या आधी कानाला कळतं. वेग वाढला की हेल्मेटवरून जाणारा वाराच इतका गरजतो, की त्यावर गाणं चढवायचं तर आवाज फार मोठा करावा लागतो. मग गझल ऐकू येते आणि ट्रक ऐकू येत नाही. एवढा महाग शेर मला परवडणारा नाही.

हे सगळं झालं यंत्राचं. खरा प्रश्न घरातला होता. मला लांबच्या सफरीची इजाजत मिळाली ती नकाशामुळे नाही, तर लाइव्ह लोकेशनमुळे. व्हॉट्सॲपवर ही सोय २०१७ साली आली. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास, आपण कुठे आहोत ते दुसऱ्याला दिसत राहतं. अब्बांनी पर्याय नीट वाचून पाहिले आणि म्हणाले, "आठ तासांचं बटण दाब आणि जा." अम्मीने फोन भिंतीला टेकवून दस्तरखानाजवळ ठेवला. मी रत्नागिरीहून कोल्हापूरला निघाले आणि माझा ठिपका अम्मीसमोर चालू लागला. हातखंबा, पाली, नाणीज. भाकरी भाजता भाजता ती गावांची नावं मोठ्याने वाचत होती, असं नंतर भावजयीने सांगितलं.

साखरप्याच्या पुढे आंबा घाट सुरू होतो. तिथे माझ्या फोनचं नेटवर्क गेलं. माझ्या गाडीवरचा बाण मात्र चालूच होता, कारण त्या रस्त्याचा नकाशा मी निघायच्या आधीच फोनमध्ये उतरवून घेतला होता. मी सावकाश घाट चढले. आंब्यात थांबून चहा घेतला, धुक्यात उतरलेली दरी पाहिली. मला मी कुठे आहे ते पावलोपावली माहीत होतं. घरी मात्र माझा ठिपका घाटाच्या पायथ्याशी थिजला होता. अम्मीने भाकरी टाकून दिली. अब्बा जुन्या अपघातांच्या आठवणी मनात मोजू लागले. भाई मित्राची गाडी मागून निघाला आणि पालीपर्यंत आला. मलकापुरात फोनला जीव आला तेव्हा त्यावर चौदा मिस्ड कॉल होते. मी फोन लावला. पलीकडून भाई एकच वाक्य बोलला, "यापुढे एकटी नाही."

मोटारसायकलवाल्या बाईला हे वाक्य कसं लागतं, ते सांगता येत नाही. भाई वाईट नाही. तो घाबरला होता. पण त्याच्या भीतीची किंमत माझ्या खात्यातून वळती व्हायची होती.

घरी परतल्यावर मी वाद घातला नाही. शिक्षिका आहे, शिकवायला बसले. अम्मीला विचारलं, "उपग्रह माझ्याकडे बघतो असं तुला वाटतं का?" ती म्हणाली, "मग काय! वरून दिसतं म्हणून तर कळतं." घरोघरी हाच समज असतो. मी सांगितलं, जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरहूनही उंच फिरतात आणि फक्त बोलत राहतात. आपण कुठे आहोत आणि किती वाजले, एवढंच ते सारखं सांगतात. फोन निदान चार उपग्रहांचं बोलणं ऐकतो, कुणाचं किती उशिरा पोचलं त्यावरून हिशेब मांडतो आणि आपली जागा आपणच काढतो. याला इंटरनेट लागत नाही. उपग्रहाला कोण ऐकतंय ते ठाऊकच नसतं.

अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे रत्नागिरी आकाशवाणीसारखं. आपल्या घरात रेडिओ लागलाय की नाही, ते त्यांना कुठे कळतं?"

बी.एड.च्या कुठल्याच पाठात मला इतकं नेमकं उदाहरण सापडलं नव्हतं. पुढचा प्रश्नही तिनेच विचारला. "मग आम्हाला कोण सांगतं तू कुठे आहेस ते?"

"मी सांगते," मी म्हटलं. "माझा फोन नेटवरून तुला कळवतो. नेट नसलं की मी कळवू शकत नाही. पण म्हणून मी हरवलेली नसते."

नेट असताना फोन आपली जागा कंपन्यांनाही कळवत असतो, हेही मी तिला सांगितलं. आणि ते कुठल्या बटणाने रोखता येतं, तेही दाखवलं. अर्धी गोष्ट शिकवणं मला जमत नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात कायदा बदलला. निघताना मी एका कागदावर उर्दूत गावांची नावं लिहून देते. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, आंबा, मलकापूर. प्रत्येकापुढे अंदाजे वेळ. आंब्यापुढे लिहिलेलं असतं, "इथून खबर येणार नाही." ठिपका थांबला की अम्मी कागद बघते. मी एक अटही घातली. भाई मुंबईला जातो, गोव्याला जातो, रात्रीचा गाडी चालवतो, त्यानेही आपला ठिपका पाठवायचा. फिक्र फक्त बहिणीचीच का करायची? भाई हसला. अब्बा हसले नाहीत. "बरोबर बोलते," एवढंच म्हणाले. महिनाभराने मुंबईला जाताना भाईने कशेडीहून स्वतःहून ठिपका पाठवला. ज्या दिवशी दोघांना रस्त्यावर पाहत अम्मी बसली, त्या दिवशी मला एकटीने जायची इजाजत पुन्हा मागावी लागली नाही.

त्यानंतर मी विजापूरला जाऊन आले. तीनशे किलोमीटरहून जास्त वाट. मिरज मागे पडलं, कागवाड आलं आणि पाट्या कन्नड झाल्या. मला चार भाषा वाचता येतात, त्यात कन्नड नाही. फोनवर गावांची नावं मात्र मराठीत होती. जानेवारी २०२१ मध्ये गूगलने नकाशावरची नावं दहा भारतीय भाषांच्या लिपींत आपोआप उतरवण्याची सोय जाहीर केली, त्यात मराठी होती. उर्दू त्या दहांत नव्हती. उर्दू शिकवणारी असल्यामुळे ते माझ्या नजरेतून सुटलं नाही, पण त्या दिवशी मला मराठीने वाट दाखवली, हेही खरं.

अथणीच्या अलीकडे एका फाट्यावर मी थांबले. बाण सरळ जा म्हणत होता. उसाचा भारा उतरवून एक म्हातारी सावलीत बसली होती. मी तिला विचारलं, "मावशी, विजापूर हेच ना?" तिने हात सरळ दाखवला आणि मग सगळे प्रश्न विचारले. कुठली, कुणाची, एकटीच, नवरा काय करतो. मी सगळ्यांची उत्तरं दिली, बसून, हेल्मेट मांडीवर घेऊन. पाऊण तास गेला. तिची सून तिला मोबाइल देत नाही, हेही कळलं. वाट मला ठाऊक होती. म्हणून तर मी विचारू शकले. ज्याच्यावाचून अडतं, त्याच्याशी माणूस मोकळेपणाने बोलत नाही. मुशाफिरांना जी मजा गेल्याचं दुःख आहे, ती मला त्या बाणाने पहिल्यांदा दिली.

वर्गात आता मी नकाशाचा पाठ वेगळ्या तऱ्हेने घेते. फोनचा नकाशा आपण वळू तसा वळतो. आपण जाऊ ती दिशा कायम वर. मुलांना ते सोपं वाटतं, पण त्यात जग आपल्याभोवती फिरतं आणि उत्तर कुठे राहिली ते कळत नाही. मी त्यांना सेटिंग बदलून उत्तर वर ठेवायला लावते. मग घर शाळेच्या कुठल्या अंगाला आहे, समुद्र कुठे, घाट कुठे, ते डोक्यात बसतं. नेट गेलं, बॅटरी संपली, तरी हे ज्ञान सोबत राहतं.

गेल्या वर्षी पाठ संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी ती बोलत नाही. तिने विचारलं, "टीचर, उपग्रहाला कळतं का, की ऐकणारा मुलगा आहे की मुलगी?"

"नाही," मी सांगितलं. "त्याला काहीच कळत नाही. तो सगळ्यांना सारखंच सांगतो."

ती खाली बसली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. फळ्यावर मी तेव्हा काहीच लिहिलेलं नव्हतं.