बोटाखालचा पॉप

कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून दोन बोटं आत सुई घालावी, आवरण भेदल्याचा पॉप बोटाला कळावा आणि तिथं नसा बधिर करणारं ब्युपिव्हॅकेन सोडावं. घाटी रुग्णालयात शिकल्यापासून वेरूळ-खुलताबादकडच्या हर्नियांच्या ऑपरेशननंतरचं दुखणं आवरायला माझी सारी भिस्त या पॉपवर होती. साठीनंतर तो पुसट झालाय. सोनोग्राफीत सुई दिसते, पण गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे ते मशीन बॅगेत घालून दवाखान्या-दवाखान्यांतून फिरता येत नाही. कायदा योग्यच आहे.

मग गोळीचा मोह होतो. ऑपरेशनच्या तासभर आधी प्रीगॅबॅलिन, १५० मि.ग्रॅ. आम्हा भूलतज्ज्ञांतले पुष्कळजण सरसकट देतात, मला ते पटत नाही. पेशंट पेंगलेला असतो म्हणून गप्प असतो. रात्री लघवीला उठला की गरगरतो. या गोळ्यांचा गाजावाजा करणाऱ्या अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ स्कॉट रूबेनचे २१ निबंध २००९मध्ये बनावट आकड्यांचे निघाले. औषध म्हणून ती टाकाऊ ठरत नाही, पण असल्या आकड्यांवर माना डोलावून आम्ही माणसांना गोळ्या दिल्या, याचा संताप अजून जात नाही. पॅरासिटामॉल मी देतोच. डायक्लोफिनॅकला मात्र, उन्हातान्हात राबणारा म्हातारा उपाशीपोटी टेबलावर आला की, त्याच्या किडनीसाठी हात आखडतो.

खरी अडचण औषधांच्या तुलनेची. दुखणं शून्य ते दहात किती, असं विचारलं तर उत्तर येतं, "बरं हाय, डॉक्टर." कमरेतली भूल उतरून पाय हलायला लागले तरी आडव्या माणसात सगळी औषधं सारखीच वाटतात. खोकायला लावा, कुशीवर वळवून उठवा, मग भुवया आक्रसतात. त्या क्षणासाठी मी वॉर्डात रेंगाळतो. पेशंट सरळ उभा राहिला आणि सर्जन शेजारी असला तर मला फार बरं वाटतं. कौतुक ऐकायला मी थांबलेला असतो.

चीर देण्याआधीच वेदनेची वाट अडवावी, असं वेदनेचे अभ्यासक पॅट्रिक वॉल यांनी १९८८मध्ये मांडलं. नंतरच्या चाचण्यांत आधी दिलं की नंतर, याचा फरक फारसा टिकला नाही. म्हणून आता तरुण सर्जनला सांगतो, "जाळी बसवण्याआधी तूच सोड, नसा तुझ्या डोळ्यांसमोर आहेत." जेनिटोफेमोरल नसेची फांदी माझ्या सुईच्या वाट्याला कधी आलीच नव्हती, ती त्याला सापडते. पन्नास किलोच्या माणसाला अर्ध्या टक्क्याचं ब्युपिव्हॅकेन २० मि.लि.च्या वर नाही, हे मोजून सिरिंज मी भरून देतो. संध्याकाळी पेशंट न कण्हता उठतो, श्रेय सर्जनला मिळतं, आणि ते मला खुपतं.