उभं लाकूड

मनालीला काढलेला फोटो मी मिस्त्रींना दाखवला. ओंडक्यावर ओंडका रचलेलं, कोपऱ्यात खाचा पाडून गुंफलेलं घर. मला तसंच हवं होतं. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या वावराच्या धुऱ्यावर वडिलांनी राखलेली सागाची अकरा झाडं होती, आणि नोकरी संपली की स्वतःच्या हातानं घर बांधायचं हे मी वीस वर्षं मनात धरून होतो. मिस्त्रींनी मोबाइल हात लांब करून धरला आणि बराच वेळ पाहिला.

"झाड उभं वाढते, भाऊ," ते म्हणाले. "तुम्ही त्याले भिंतीत आडवं कायले निजवता? पावसाळ्यात फुगन, उन्हाळ्यात बसन. मंग दार लागलं तं उघडन नाही."

तेव्हा मला हा जुन्या माणसाचा हट्ट वाटला. पुढे वाचत गेलो तसतसं कळलं, की त्यांच्या त्या दोन-चार वाक्यांत लाकडाचं सगळं शास्त्र होतं. ओलं लाकूड वाळताना आडव्या अंगानं आकसतं, लांबीत जवळजवळ आकसत नाही. साग त्यातल्या त्यात शांत, तरी ओल्याचा पुरता सुकेपर्यंत रुंदीत शंभराला तीन ते पाच भाग कमी होतो. म्हणजे आडव्या ओंडक्यांची दहा फूट भिंत ओल्या लाकडाची रचली तर चार-पाच इंच खाली बसणार. फिनलंड-रशियातले सुतार म्हणून दारा-खिडक्यांच्या डोक्यावर मुद्दाम फट सोडतात. पण तोच ओंडका खांब म्हणून उभा केला तर त्याची उंची ढळत नाही. यवतमाळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि दोन महिन्यांत भिंतीला बुरशी धरेल इतकी ओल येते. इथे लाकूड दरवर्षी श्वास घेतं आणि सोडतं. आपल्याकडच्या घरांत लाकूड सांगाडा होतं आणि माती कातडी, ते उगीच नाही.

दुसरं कारण पायाखाली होतं. आमची जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गावात सिमेंटच्या कितीतरी घरांच्या भिंती खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या उकलल्या आहेत. जुनी गावं पांढरीवर वसली आणि शेती काळीत राहिली, ती याच समजुतीनं. मला मात्र वावरातच राहायचं होतं. मग काळी पूर्ण उपसून मुरुमापर्यंत गेलो, तिथून दगडाचा चौथरा वर आणला आणि प्रत्येक खांबाखाली काळ्या दगडाचा तळखडा बसवला. खांब मातीत पुरायचा नाही, दगडावर टेकवायचा. जमीन थोडी हलली तर सांधे तेवढं सोसतात, भिंतीची माती उकलली तर लिंपून घेता येते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींनी माणसं गाडली, पण कित्येक घरांत भिंती ढासळूनही लाकडी खांब-तुळयांचे खण उभे राहिले. त्या खणांचे फोटो मी पाहिले होते. मिस्त्रींचं म्हणणं पटायला तेही कामी आलं.

साग स्वतःच्या धुऱ्यावरचा असला तरी मनात आलं आणि तोडला असं चालत नाही. 1964 च्या वृक्षतोड कायद्यात तो अनुसूचित आहे. अर्ज, सातबारा, मोजणी, मग तोडीची परवानगी, शेवटी ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का आणि वाहतुकीचा परवाना. सात झाडांना मंजुरी मिळाली. माघात, पानं गळल्यावर, तोड केली. ओंडके मोजायची रीत इथं अजून चौथाई घेराची आहे: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. चार फूट घेराचा दहा फुटी ओंडका म्हणजे दहा घनफूट. खरं तर गोल ओंडक्यात पावणेतेरा घनफूट लाकूड असतं. उरलेलं साल आणि पांढऱ्या लाकडात जातं हे धरूनच ही रीत पडली असावी. ओंडक्यांची टोकं शेणानं लिंपली, म्हणजे तिथून झपाट्यानं सुकून तडकत नाहीत. मधे पट्ट्या घालून आंब्याच्या सावलीत चळत लावली आणि एक पूर्ण वर्ष हात लावला नाही. ते वर्ष काढणं मला सगळ्यात जड गेलं.

घर तीन खणांचं, बारा खांबांचं. आठ खांब नवे. चार जुने, आजोबांच्या घराचे. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा ते घर उतरवलं होतं आणि शेती-भांड्यांसारखे खांबही वाटले होते. आमच्या वाट्याचे चार तीस वर्षं गोठ्याच्या माळ्यावर पडून होते. मिस्त्रींनी त्यांच्यावरची धूळ पुसली आणि मला जवळ बोलावलं. खांबाच्या डोक्याशी पटाशीनं मारलेल्या बारीक रेघा होत्या: एकावर दोन, एकावर तीन. कोणता खांब कोणत्या मयालीला, म्हणजे वरच्या तुळईला, ती खूण. त्या रेघांखाली आणखी पुसट, वेगळ्या हाताच्या रेघा होत्या. म्हणजे आजोबांनीही ते खांब कुठल्या तरी जुन्या घरातून आणले होते. मी त्यावरून बोट फिरवत राहिलो. खिळा न मारलेलं घर असं उतरवता येतं आणि दुसरीकडे उभं करता येतं.

उभं करताना बुडखा खाली आणि शेंडा वर, हा नियम इथला प्रत्येक वाढई पाळतो. चौरस तासलेल्या जुन्या खांबाचा बुडखा कसा ओळखायचा? मिस्त्रींनी गाठ दाखवली. फांदी खोडातून वर तिरपी निघते, म्हणून गाठीचा डोळाही वरच्या बाजूला ओढलेला दिसतो. ती गाठ मी आता कोणत्याही फर्निचरमध्ये शोधतो.

वासल्यानं तासताना सागाचा गाभा आधी हिरवट सोनेरी निघतो, चार दिवस उन्हात राहिला की तपकिरी होतो. त्याला जुन्या चामड्यासारखा, किंचित तेलकट वास असतो. खांबाच्या डोक्यावर दोन इंच रुंद जीभ काढायची, तिला कूस म्हणतात. मयालीत तेवढंच भोक. मिस्त्री कूस सैल ठेवत नसत आणि अख्खी ठोकून घालावी लागेल इतकी घट्टही नाही. हातानं दाबली की अर्धी जावी, उरलेली मोगरीच्या तीन घावांत. पहिल्या सांध्याला मला अख्खा दिवस लागला. सातव्याला दोन तास. आरपार भोक पाडून त्यात धावड्याची खुंटी मारायची. धावडा सागापेक्षा कठीण, पूर्वी बैलगाडीच्या आसासाठी तोच शोधत.

एक चूक माझी. एका मयालीला रुंदी कमी पडत होती म्हणून मी पांढऱ्या लाकडाची अडीच बोटं पट्टी राहू दिली. मिस्त्री नको म्हणाले होते. सागाला उधई लागत नाही म्हणतात ते गाभ्यापुरतं खरं. कडेच्या पांढऱ्या लाकडात ते गुण नसतात. पहिल्याच श्रावणात रोज सकाळी अंथरुणावर पिवळसर पीठ पडलेलं दिसू लागलं. भुंग्यांनी पोखरलेली ती पट्टी मला वर चढून, घर राहतं असताना, तासून काढावी लागली.

भिंती कुडाच्या. झरी जामणीकडच्या एका पोडावरचे, म्हणजे वस्तीवरचे, कोलाम कारागीर आठ दिवस येऊन राहिले. बांबू चिरताना त्यांचा कोयता गाठीवर अडत नाही, आणि विणीचा ताण ते तळहातानं दाबून ओळखतात. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक अशी कोलामांची सरकारी ओळख आहे. बांबूकामात मी त्यांच्या हातांसारखे हात दुसरीकडे पाहिले नाहीत आणि त्यांना त्याची मजुरी मात्र बिगाऱ्याची मिळते, ही गोष्ट मला लागते. कुडावर लिंपायला काळी माती चालत नाही, ती वाळताना फाटते. पांढरी माती, शेण आणि गव्हाचं कुटार आठवडाभर भिजवून, तुडवून, आंबवून घेतलं. वरून वणीकडच्या चुन्याचा हात. छपराच्या वळचणी सेवाग्रामच्या बापू कुटीइतक्या खाली ओढल्या, कारण मातीच्या भिंतीला पावसापासून टोपीच वाचवते. वर कवेलू. माकडं वर्षातून दोनदा त्यांचा चुरा करतात, म्हणून शंभर जादा रचून ठेवले आहेत.

आतलं काम आटपायला छपरापेक्षा जास्त महिने लागले. वायरी खांबांवरून उघड्या पट्टीत नेल्या, कुडात गाडल्या नाहीत. न्हाणी आणि संडास विटा-सिमेंटचे, घरापासून हातभर सुटे. पाण्याच्या जागी लाकडाचा हट्ट मी धरला नाही. कूलरची जागा मात्र चुकली होती. खिडकीला भिडवून ठेवला तर एका उन्हाळ्यात खालचं लिंपण लोण्यासारखं मऊ झालं. आता तो लोखंडी घोडीवर, भिंतीपासून वीतभर दूर उभा असतो.

मेच्या दुपारी सांधे कुरकुरतात. मग मी मोगरी घेऊन खांबाखांबाशी जातो आणि खुंट्या ठोकून पाहतो. घट्ट खुंटी टणक बोलते, सैल झालेली बद्द. यंदा नऊ निघाल्या. आठ आवळल्या. नववी आजोबांच्या खांबाची आहे. मिस्त्री म्हणाले, तिला आत्ता मारू नका, मृगाचा पाऊस पडू द्या, लाकूड फुगलं की ती आपणच धरते का ते बघू.